कांद्याचा पापुद्रा आणि रेघांचा हिशेब

कांद्याची पाकळी मोडायची आणि तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढायचा. बाहेरचा फाटत निघतो. आतला मात्र अलगद सुटतो. अकरावीच्या प्रॅक्टिकलला प्रयोगशाळेतले मामा एवढं दाखवून बाजूला होतात. पुढचा घोळ मुलांचा. कुणाचा पापुद्रा दुमडतो, कुणी आयोडीनचा थेंब टाकायचं सोडून धार धरतं. कव्हर स्लिप सुईवर तिरकी धरून टेकवायला हवी, ती टपकन टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचा बुडबुडा भलताच रुबाबदार दिसतो. तोच पेशी म्हणून जर्नलमध्ये काढणारं कुणीतरी निघतंच.

पेशी तशी नसते. लो पॉवरखाली बांध घातलेले लांबट वाफे दिसतात, कांद्याच्या शेतासारखेच. बांध म्हणजे पेशीभित्तिका. वाफ्यात पिवळसर ठिपका, तो केंद्रक. तो बहुधा कडेला सरकलेला, कारण मधली जागा रिक्तिकेने अडवलेली. 1665 साली रॉबर्ट हूकला बुचाच्या कापात दिसले ते नुसते रिकामे वाफे. केंद्रकाला नाव मिळालं 1831 साली, रॉबर्ट ब्राऊन ऑर्किड तपासत होता तेव्हा.

“केवढी आहे पेशी?” मॅडम विचारतात.

“मोठी.”

“शंभर पट मोठी दिसतेय. आहे केवढी?”

इथे खरं काम सुरू होतं. नेत्रिकेतल्या पट्टीवर 100 रेघा असतात, पण एका रेघेची किंमत किती, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. म्हणून कपाटातून दुसरी काच निघते. तिच्यावर 1 मिलिमीटरचे 100 भाग कोरलेले, एक भाग 10 मायक्रोमीटरचा. दोन्ही पट्ट्यांचं शून्य जुळवायचं आणि पुढे कुठे रेघेवर रेघ बसते ते शोधायचं. डोळ्यांत पाणी येतं, आणि ते कांद्यामुळे नव्हे.

आज वरच्या 40 रेघांत खालचे 42 भाग बसले. म्हणजे एक रेघ 10.5 मायक्रोमीटर. पेशी 31 रेघा लांब, म्हणजे साधारण 325 मायक्रोमीटर: मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. हाय पॉवरला हीच रेघ 2.3 मायक्रोमीटरवर येते, सगळी जुळवाजुळव पुन्हा. केंद्रक भरतो 7 रेघा, सुमारे 16 मायक्रोमीटर.

एका मुलीच्या आकृतीत केंद्रकाभोवती रायबोझोमचे ठिपके पेरलेले असतात. रायबोझोम मायक्रोमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची धाव 0.2 मायक्रोमीटरपाशीच संपते.

“हे दिसले तुला?”

“नाही मॅडम. पुस्तकात आहेत.”

मॅडम काही बोलत नाहीत. मुलगी शेजारणीकडे खोडरबर मागते.