बाहेरून आणलेला घाम

पाऊस आवरतं घेतो आणि मुंबईच्या उपनगरांत दुसरा उन्हाळा उतरतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. आभाळ मोकळं होतं, ऊन चटके देऊ लागतं, पण हवेतली ओल काही हटत नाही. नेमकी त्याच सुमारास दिवाळी येते. बोरिवली-मुलुंडच्या स्वयंपाकघरांत चकल्यांचा घाणा चढतो. वाऱ्याने गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद ठेवलेला असतो आणि पदराने कपाळ टिपत जो तो एकच तक्रार करत असतो : काय हा घाम!

याच शहरात काही माणसं अशीही आहेत, ज्यांना घाम येत नाही किंवा अगदीच नावापुरता येतो. ऐकणाऱ्याला आधी हेवा वाटतो. सदरा भिजत नाही, वास येत नाही, लोकलच्या गर्दीतही कपाळ कोरडं. पण त्या कोरड्या कपाळामागे तापमान चढत असतं. चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि कधीकधी समोरचा काय बोलतोय हेही उमजेनासं होतं. आजूबाजूच्यांना मात्र काहीच दिसत नाही. घामाने निथळणारा माणूस थकलेला वाटतो. कोरडा माणूस कामचुकार वाटतो.

माणसाच्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. त्यांचं काम समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. नुसतं बसून राहिलं तरी मोठ्या माणसाचं शरीर तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतं. ती अजिबात बाहेर पडली नाही, तर शरीराचं तापमान तासाला साधारण १ अंशाने वाढेल. चालणं, जिने चढणं, बॅग उचलणं सुरू झालं की हा वेग कितीतरी पटींनी वाढतो. हवा गार असते तेव्हा बरीचशी उष्णता त्वचेवरून आपोआप निघून जाते. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की उष्णता उलट बाहेरून आत येऊ लागते. तेव्हा एकच वाट उरते, पाण्याची वाफ होण्याची. १ लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही वाट ज्याच्यापाशी नाही, त्याला उन्हात थांबण्याची मुभाच नसते.

या त्रासाची एक अतिशय जुनी नोंद आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातली आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे. डब्ल्यू. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती त्याला कळवली होती. त्या घरातल्या चार पिढ्यांमधल्या दहा पुरुषांना वरचा आणि खालचा जबडा मिळून पुढचे चार बारीक, कमकुवत दात आणि आठ दाढा एवढेच दात होते. अंगावर केस जवळजवळ नव्हते, टक्कल लवकर पडत होतं आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या त्वचेने त्यांचे हाल होत होते. डार्विनने आणखी एक गोष्ट हेरली. घरातल्या मुलींना हा त्रास होत नव्हता, पण त्यांच्या मुलांमध्ये तो उतरत होता. बापाकडून मुलाकडे मात्र तो कधीच जात नव्हता. आनुवंशिकतेचे नियम तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पुढे १९२१ मध्ये के. आय. थडानी यांनी सिंधमधल्या अशा माणसांचा आनुवंशिकतेच्या अंगाने अभ्यास करून तो प्रसिद्ध केला.

वैद्यकशास्त्रात या विकाराला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया म्हणतात. गर्भात त्वचा, केस, दात आणि घामाच्या ग्रंथी ज्या थरापासून घडतात, त्या थराला मिळणारा एक संदेश यात पोचत नाही. तो संदेश देणारं ‘ईडीए’ हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर आहे आणि डार्विनला दिसलेल्या कोड्याचं उत्तर त्यातच आहे. मुलग्याला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी. वडिलांना विकार असेल, तर सगळ्या मुली वाहक होतात आणि मुलगे सुटतात. वाहक आईतही बारीक खुणा सापडू शकतात : एखादा टोकदार दात, विरळ केस. पाठीवर आयोडीन लावून वर पिष्टाची पूड भुरभुरली, की घाम येतो तिथे निळाकाळा रंग उमटतो. काही वाहक स्त्रियांच्या पाठीवर या चाचणीत घाम येणारे आणि न येणारे पट्टे शेजारीशेजारी दिसतात.

बाळाच्या बाबतीत पहिली खूण बहुतेकदा ताप हीच असते. बाळाला पुन्हा पुन्हा ताप येतो, तपासण्यांत काही सापडत नाही, औषधानेही तो नीट उतरत नाही. उतरणार कसा? पॅरासिटामॉल काम करतं ते मेंदूने तापमान मुद्दाम वाढवलेलं असतं तेव्हा. इथे मेंदूने काही वाढवलेलं नसतं, उष्णता नुसती अडकलेली असते. त्यातच आजी मायेने बाळाला दुपट्यात गुंडाळते, वर टोपरं घालते. आजीचं काही चुकत नाही. पिढ्यान् पिढ्या बाळाला तसंच जपलं गेलं. पण या बाळाला उघडं ठेवून ओल्या फडक्याने पुसावं लागतं. त्याच्या अंगावर संसर्गाचा खरा तापही येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवणं टाळून चालत नाही. पुढे दात उशिरा येतात, थोडेच येतात आणि सुळ्यासारखे टोकदार येतात. तेव्हा अनेकदा निदान डॉक्टरांऐवजी दंतवैद्यच करतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कवळी बसवता येते आणि जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय इथे मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. फराळाच्या ताटात अशा मुलाचा हात बेसनाच्या लाडवाकडे जातो, चकली तशीच राहते. नवीन कवळी बसल्यावर घरचे आधी चकलीच चाखायला देतात, यात नवल नाही.

उपनगरातला दिवस अशा माणसाला आखूनच काढावा लागतो. सांताक्रूझ वेधशाळेतला उच्चांक ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. पण खरा जाच अशा विक्रमी दिवसांचा नसतो. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. मे महिन्यात सांताक्रूझचा पारा सहसा ३३-३४ च्या घरात असतो. कागदावर ती लाट नाही. घाम न येणाऱ्याची मात्र तेवढ्यातही दमछाक होते.

मग शरीर जे देत नाही, ते बाहेरून आणायचं. घाम म्हणजे त्वचेवरचं पाणी. ते पाणी आपणच लावायचं. सकाळी सुती गंजीफ्रॉक भिजवायचा, पिळायचा आणि शाळेच्या सदऱ्याच्या आत घालायचा. दप्तरात फवाऱ्याची बाटली ठेवायची. मानेवर ओला पंचा, मधल्या सुट्टीत केस आणि हात नळाखाली, घरी आल्यावर पाय बादलीत. वर्गातली जागा पंख्याखालची हवी. इथे मुंबईची हवा आडवी येते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओला कपडा बघता बघता वाळतो आणि अंग गार करतो; अंधेरीच्या दमट हवेत तो ओलाच राहतो, आणि वाळला नाही तर थंडावाही नाही. म्हणून पाण्याच्या जोडीला वारा लागतोच. नुसता वाराही पुरत नाही. हवा त्वचेपेक्षा जास्त तापलेली असली, तर कोरड्या अंगावरचा पंखा उष्णता आणखी आत ढकलतो. घाटकोपरच्या डोंगरउतारावर पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला हे भर दुपारी पंख्याखाली बसून कळतं. तिथे आधी अंग भिजवायचं, मगच पंखा लावायचा.

प्रवासाचंही तसंच. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो त्याआधीच, ८ जून २०१४ ला सुरू झाली होती. बाकीच्या प्रवाशांना ही सोय वाटते. घाम न येणाऱ्याला तिच्यामुळे दूरची नोकरी धरता येते. घाटकोपरला मेट्रोतून उतरून रेल्वेच्या पुलावरच्या गर्दीत शिरलं, की पुढची दहा मिनिटं मात्र त्याची परीक्षाच असते. चहूबाजूंनी तापलेली शरीरं, वारा नाही, थांबायला जागा नाही. अशा वेळी बाटली पिशवीत तळाशी असून भागत नाही, हातात लागते.

खेळ सोडावे लागतात असंही नाही. क्रिकेटचं मैदान दुपारी बंद, पण तरणतलाव बारा महिने उघडा. पाणी शरीराची उष्णता थेट ओढून घेतं, घामाची गरजच उरत नाही. मुलुंडला कालिदास नाट्यमंदिराजवळच्या संकुलात आणि अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात महापालिकेचे तलाव आहेत.

जन्मजात विकार दुर्मीळ आहे. घाम कमी होण्याची इतर कारणं मात्र घरोघरी सापडतील. जुन्या मधुमेहात नसा दुखावतात, मग पायांना घाम येईनासा होतो आणि छाती-चेहऱ्यावर तो नको इतका फुटतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदनेबरोबर घामही जातो. मोठ्या भाजण्यानंतर बसवलेल्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात. घामोळं म्हणजे तर घामाची तोंडंच बुजणं. अंगभर घामोळं उठलेला माणूस तेवढे दिवस उष्णतेपुढे लंगडा असतो. आणि औषधं : फेफरं आणि अर्धशिशीवरचं टोपिरामेट, कंपवातात आणि मानसिक आजारांच्या औषधांबरोबर दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या तक्रारीवरचं ऑक्सिब्युटिनिन, सर्दी-खाजेवरच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या. ही औषधं मनाने बंद करायची नाहीत. पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये ती घेणाऱ्या माणसाने, विशेषतः म्हाताऱ्या माणसाने, दुपारच्या लग्नाला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. वयाबरोबर घाम तसाही कमी होत जातो.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण ऊष्माघाताने गेले. घाम येणाऱ्यांच्या जमावातही दमट ऊन एवढी माणसं नेऊ शकतं. ज्याला घामच नाही, त्याच्याभोवतीच्या लोकांना म्हणूनच खुणा पाठ हव्यात. अंग भाजतंय, बोलणं अडखळतंय, वागणं विचित्र झालंय, तर त्याला सावलीत घ्यावं, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून जोराने वारा घालावा, मान-काख-जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नये, गार करणं आधी.

उपचाराच्या आघाडीवर एक मोठी बातमी २०१८ मध्ये आली. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाचे होल्म श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन बाळांची हकीकत मांडली. गर्भातच निदान झालेल्या जुळ्या मुलग्यांना आणि आणखी एका मुलग्याला, ज्या प्रथिनाची उणीव होती ते गर्भजलात सुईने दिलं गेलं. तिघांनाही जन्मानंतर घाम येऊ लागला. त्यानंतर अनेक देशांत मोठी चाचणी हाती घेतली गेली. ग्रंथी घडण्याचा काळ गर्भातच सरतो; जन्मल्यावर हेच औषध देऊन तसा गुण आला नव्हता. आज जी मुलं शाळेत आहेत, त्यांच्या वाट्याला पाणी, वारा आणि भोवतालच्यांची समज एवढंच आहे.

कायद्यात त्यांना अजून जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले, हा विकार आला नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून लोकलच्या राखीव डब्याचा हक्क नाही, आणि परीक्षेतल्या सवलतीसाठी दर वेळी नव्याने विनंती करावी लागते. ही यादी सरकारने वाढवायला हवी. तोवर पालकांच्या हाती आहे ते जूनमध्ये डॉक्टरांच्या सहीचं एक पानी पत्र, मुख्याध्यापकांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी. त्यात नेमकं लिहावं : मुलाला पंख्याखाली बसवा, टाय आणि बूट-मोज्यांची सक्ती नको, प्रार्थना उन्हात असेल तर त्याला सावलीत उभं करा, न विचारता नळावर जाऊ द्या, वर्गात कपडे ओले दिसले तर रागावू नका, आणि मार्चच्या परीक्षेत बाकावर पाण्याच्या बाटलीशेजारी फवाऱ्याची बाटलीही ठेवू द्या.