एका पानावर चोवीस पत्ते

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांच्या लेखकांबद्दल, चित्रांबद्दल, जाहिरातींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अंकाच्या वेष्टनावर चिकटवलेल्या पत्त्याबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. शहरातला वाचक स्टॉलवर जाऊन अंक उचलतो. ज्या गावात स्टॉलच नाही तिथल्या वर्गणीदाराला अंक मिळणार की नाही, हे त्या दोन-अडीच इंचांच्या कागदावर ठरतं. छोटी मासिकं बहुधा दोन-तीन माणसं आपल्या घरातून चालवतात. संपादन, मुद्रितशोधन, हिशेब आणि गठ्ठे बांधणं, सगळी कामं त्याच हातांची. त्यांच्यासाठी आणि शाळेच्या माजी विद्यार्थी संघापासून वाचनालयापर्यंत शेकडो पत्रं पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी हे काम नीट समजून घेण्यासारखं आहे.

पूर्वी वर्गणीदारांची वही असे. वहीतून पाहून वेष्टनांवर हातानं पत्ते लिहायचे, खळ लावायची आणि पोस्टात न्यायचं. दर महिन्याला तेच पत्ते पुन्हा. पत्ता एकदाच लिहावा आणि हवा तितक्या वेळा छापावा, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या जोसेफ स्मिथ डंकन यांनी १८९६ साली ‘अ‍ॅड्रेसोग्राफ’चं पेटंट घेतलं. पुढे या यंत्रांत धातूच्या पट्टीवर एकेक पत्ता उठवलेला असे आणि पट्ट्या ओळीनं सरकत पाकिटांवर छाप उमटत जाई. १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ हा संगणकावरचा पहिला गाजलेला तक्ता आला आणि त्याच सुमारास ‘वर्डस्टार’ या शब्दलेखकाला ‘मेलमर्ज’ची जोड मिळाली, तेव्हा धातूच्या पट्टीची जागा तक्त्यातल्या एका ओळीनं घेतली. आज एक्सेल आणि वर्डमध्ये आपण करतो ते हेच.

यात दोन फायली असतात. एक तक्ता : प्रत्येक ओळीत एक माणूस, प्रत्येक रकान्यात त्याच्या पत्त्याचा एक भाग. दुसरी लेबलांची चौकट : नाव कुठे, गाव कुठे, पिन कुठे, एवढंच तिला ठाऊक. वर्डच्या ‘मेलिंग्ज’मध्ये जाऊन ‘स्टार्ट मेल मर्ज’मधून ‘लेबल्स’ निवडायचं, ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून तक्ता जोडायचा आणि पहिल्या लेबलात रकान्यांची नावं हव्या त्या ओळींवर बसवायची. मग ‘अपडेट लेबल्स’ दाबायचं. ही पायरी हमखास राहून जाते. पहिल्या लेबलाची मांडणी उरलेल्या तेवीस चौकटींत नेण्याचं काम हे बटण करतं. या प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ अशी खूण असते, म्हणजे इथे तक्त्यातली पुढची ओळ घ्या. बटण राहिलं तर पानावर एकच पत्ता येतो आणि तेवीस लेबलं कोरी जातात. लिबरऑफिसमध्ये लेबलं तयार करताना ‘सिंक्रोनाइझ कन्टेन्ट्स’ हा पर्याय निवडला की हेच काम होतं. तो कार्यक्रम मोफत आहे आणि छोट्या मासिकाला पुरेसा आहे.

बटणं इतकीच. माझं स्पष्ट मत असं आहे की लेबलांमधल्या बहुतेक चुका छपाईच्या नसतातच, त्या तक्त्यात आधीपासून बसलेल्या असतात. म्हणून दहापैकी आठ वाटे वेळ तक्त्याला द्यावा.

पहिला प्रश्न रकान्यांचा. अनेकांच्या याद्यांत ‘नाव’ आणि ‘पत्ता’ असे दोनच रकाने असतात आणि दुसऱ्यात स्वल्पविरामांची माळ. असा पत्ता लेबलावर कुठेही तुटतो : ‘मु.’ एका ओळीत आणि गाव दुसऱ्या ओळीत. शिवाय त्यातून जिल्हा शोधता येत नाही, पिननुसार लावता येत नाही. संबोधन, नाव, घर किंवा इमारत, रस्ता-परिसर, मुक्काम-पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, पिन असे वेगळे रकाने करावेत. शहरातल्या पत्त्याला तालुका नसतो आणि खेड्यातल्याला इमारतीचं नाव नसतं, म्हणून काही चौकटी रिकाम्या राहतील. तिथे ‘ता.’ हे अक्षर चौकटीच्या फाइलीत टाइप करून ठेवू नये, नाहीतर पुणेकरांच्या लेबलावर नुसतंच ‘ता.’ छापून येईल. तालुका असेल तरच ‘ता.’ उमटावा अशी अट घालता येते. तीही वर्डपेक्षा तक्त्यातच सूत्रानं घातलेली बरी, कारण तिथे निकाल लगेच डोळ्यांना दिसतो.

राज्यात वडगाव, नांदगाव, पिंपळगाव किती आहेत ते सांगायला नको. म्हणून तालुका आणि पिन हे रकाने रिकामे असलेल्या ओळी आधी गाळून पाहाव्यात आणि त्या वर्गणीदारांना फोन करून ते भरून घ्यावेत. या कामाला पर्याय नाही.

दुसरा धोका एक्सेलच्या मदतशीर स्वभावाचा. घर क्रमांक ५/७ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो आणि लेबलावर सदनिकेऐवजी जुलै महिना उमटतो. हा त्रास इतका सर्वदूर आहे की मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० साली ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’नं सुरू होणाऱ्या जनुकांची नावंच बदलली, कारण संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत होत्या. आपल्याला सोपा उपाय आहे. टाइप करायला बसण्याआधी पूर्ण तक्ता निवडून त्याचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करावं. आधी टाइप करून मग बदललं तर गेलेला ५/७ परत येत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. वर्ड तक्ता वाचताना पहिल्या काही ओळी पाहून रकान्यात आकडे आहेत की अक्षरं, हे ठरवतो. वरची घरं १२, ४०, ७ अशी असली आणि खाली कुठे ‘५ अ’ असलं, तर ते ‘५ अ’ लेबलावर गायब होऊ शकतं.

तिसरी गोष्ट लक्षात ठेवली की अनेक कोडी सुटतात : तक्त्यातून लेबलावर मजकूर जातो, त्याचं रूप जात नाही. पिन तीन-तीन आकड्यांत तोडून दिसावा म्हणून तुम्ही एक्सेलमध्ये सजावट केली असेल, ती लेबलावर येणार नाही. ती जागा खरोखर टाइपच करावी लागेल. परदेशातल्या वर्गणीदारांचंही तसंच. भारतात पिन शून्यानं सुरू होत नाही, पण न्यू जर्सीतल्या एडिसनचा ०८८२० हा क्रमांक आकडा म्हणून लिहिला गेला तर पुढचं शून्य गळतं. तिथे मराठी घरं भरपूर आहेत आणि परदेशी टपालाचा खर्च मोठा आहे, त्यामुळे ही चूक महागात पडते.

आणि मराठीपुरता सर्वांत मोठा घोळ फाँटचा. पंधरा-वीस वर्षं जुन्या मासिकांच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. या पद्धतींत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. रूप लेबलावर जात नसल्यामुळे फाँट मागे राहतो आणि वेष्टनावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते. चौकटीला तोच फाँट देऊन वेळ मारून नेता येते, पण यादीत पुढे कुणी युनिकोडमध्ये नवी नावं भरली असतील तर अर्धी यादी एका पद्धतीत आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीत, अशी ती कायमची दुभंगते. एकदा कष्ट करून सगळी यादी युनिकोडमध्ये आणावी. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे गडबड होते. ‘शिर्के’ आणि ‘कीर्तने’ अशी आडनावं आवर्जून तपासावीत. आपलं नाव चुकीचं छापून आलेला माणूस ते विसरत नाही. यादी सीएसव्ही म्हणून जतन करायची असेल तर ‘यूटीएफ-८’ लिहिलेला प्रकारच निवडावा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

वेगळ्या रकान्यांचं मोल अलीकडे जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा कळलं. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. पूर्ण तक्त्यात ‘शोधा आणि बदला’ चालवलं तर बिहारमधलं औरंगाबादही बदलून जातं आणि रस्त्यांची, सोसायट्यांची नावंही. जिल्ह्याचा रकाना वेगळा असेल आणि आधी राज्य महाराष्ट्र असलेल्या ओळी गाळून घेतल्या, तर हे काम मिनिटभराचं आहे. पिन मात्र तसाच राहतो आणि टपाल त्याच्यावर चालतं.

त्या पिनबद्दल थोडं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला आणि त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातले वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये कविता, नाटकं लिहीत. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले पत्ते, अर्धवट पत्ते, या सगळ्यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांची रचना केली. पहिला आकडा विभागाचा, आठ प्रादेशिक विभाग आणि नववा सैन्याच्या टपालाचा. पहिले दोन आकडे मिळून प्रदेश, तिसऱ्यासह वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. महाराष्ट्र आणि गोव्याकडे ४० ते ४४ येतात : मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, नाशिक ४२२, नागपूर ४४०. इथला जिल्हा टपालाचा आहे, महसुलाचा नव्हे. म्हणून सातारा आणि रत्नागिरी दोघंही ४१५ मध्ये दिसतात आणि सांगली कोल्हापूरबरोबर ४१६ मध्ये. बेळगाव ५९०, बडोदा ३९०, इंदूर ४५२. मराठी वाचक कुठे कुठे पसरला आहे ते पिनच्या रकान्यावरून नजर फिरवली की कळतं, आणि मला ही यादीतली सर्वांत बोलकी जागा वाटते. २०२५ साली टपाल खात्यानं डिजिपिनही आणला. त्यात सुमारे चार मीटर लांब-रुंद जागेला दहा अक्षरांकांची ओळख मिळते. त्यासाठी एक रकाना ठेवायला हरकत नाही, पण लेबलावर पिन हवाच.

पिनच्या रकान्यात अंक एकाच लिपीत असावेत, देवनागरी आणि रोमन यांची सरमिसळ झाली तर क्रम बिघडतो. राज्याबाहेर जाणाऱ्या अंकांसाठी रोमन अंकच सोयीचे. मग छापण्याआधी यादी पिननुसार लावावी. लेबलं त्याच क्रमानं निघतात, वेष्टनं त्याच क्रमानं चिकटतात आणि पोस्टात नेताना ४११ चा गठ्ठा, ४१६ चा गठ्ठा आपोआप तयार असतो. नंतर जमिनीवर अंक पसरून वर्गवारी करण्यात जाणारी दुपार वाचते.

आता कागद. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ए४ पानावर तीन उभ्या रांगांत आठ-आठ लेबलं असतात, प्रत्येक सुमारे ६४ बाय ३४ मिलिमीटर. वर्डमध्ये पहिल्यांदा दिसते ती ‘एव्हरी यूएस लेटर’ची यादी. तो कागद रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. यादी ‘एव्हरी ए४/ए५’वर नेऊन ‘एल७१५९’ निवडलं तर २४ लेबलांचं माप जवळपास जुळतं. नंतर छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असेल तर ते काढून प्रत्यक्ष आकार शंभर टक्के करावा. पान तीन टक्के जरी आक्रसलं तरी वरच्या ओळीपासून खाली येईपर्यंत आठ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तळाचा पत्ता दोन लेबलांवर विभागला जातो. आधी साध्या कागदावर छापून तो लेबलांच्या पानावर ठेवावा आणि उजेडासमोर धरून पाहावा. मंगलसारख्या फाँटमध्ये वेलांट्या-उकारांसाठी ओळ उंच बसते, ११ पॉइंटला पाच ओळींत लेबल भरतं. ओळींमधलं अंतर जबरदस्तीनं कमी केलं तर वरच्या मात्रा छाटल्या जातात. अर्धं वापरलेलं लेबलांचं पान लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. आतल्या उष्णतेनं एखादं लेबल सुटून रुळाला चिकटलं की दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या अनेक पाकिटांइतका होतो.

लेबलाच्या कोपऱ्यात वर्गणीदार क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिना बारीक अक्षरांत छापावा. वाचकाला आठवण राहते, तक्रारीचा फोन आला की ओळ चटकन सापडते, आणि ‘वि. ग. कुलकर्णी’ व ‘कुलकर्णी वि. ग.’ असा एकच माणूस दोनदा येत नाही. फाइल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नये. लोकांनी पत्ता आणि फोन अंक मिळावा म्हणून दिलेला असतो, इतर कशासाठीही नाही.

परत आलेले अंक कोपऱ्यात साठवून ठेवू नयेत. पोस्टमननं वेष्टनावर कारण लिहिलेलं असतं : पत्ता अपूर्ण, सोडून गेले, मयत. तक्त्यात ‘परत’ असा रकाना करून त्याच दिवशी कारण आणि तारीख भरावी, आणि पुढच्या अंकाच्या छपाईत ती ओळ येणार नाही अशी गाळणी लावावी. जिथे ‘मयत’ आहे तिथे नाव परस्पर पुसू नये. घरी फोन करून विचारावं. पुष्कळदा मुलगी किंवा सून अंक चालू ठेवा म्हणते. मग क्रमांक तोच ठेवून फक्त नावाची चौकट बदलायची.