रांग तिकडची, दाखला इकडचा



मृग निघाला की आमच्या टेबलापुढे येणारा माणूस तुरीचं बियाणं विचारतो, उडदाची बीजप्रक्रिया विचारतो, नाहीतर ठिबकचं अनुदान कधी जमा होणार ते विचारतो. २०२५ च्या जून महिन्यात सत्तरीला आलेले एक शेतकरी आले. त्यांच्या हातात सातबारा नव्हता, पिशवी भरून जुने कागद होते. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, पोरगं चौदा वर्षं झाली अमेरिकेत हाय. आन आता तिकडचा वकील म्हणतोय, जन्माचा पुरावा द्या. आता पुढं उभा असल्याला माणूस जन्मलाच न्हाई का मग?"

आम्ही दोघेही हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. करमाळा तालुक्यातून शिकून पुण्याला आणि पुण्याहून परदेशी गेलेली मुलं आता बऱ्याच गावांत सापडतात. मुलाचं पोट तिकडे भरतं, पण त्याची मुळं इकडच्या दप्तरात असतात. त्या दप्तरात घोळ असला की सात समुद्रापलीकडे त्याचं काम अडतं. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेतला आहे.

रांग कशी आहे ते समजून घ्या

अमेरिकेत कायम राहण्याचा जो परवाना मिळतो त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. नोकरीच्या आधारावर अशी कार्डे वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार द्यायची, असं तिथल्या १९९० च्या कायद्यानं ठरवलं. या आकड्यात नोकरदाराची बायको-मुलंही धरली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या लोकांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. देश लहान असो की भारताएवढा, मर्यादा तीच. म्हणजे विहिरीला पाणी तेवढंच आणि बारीला उभं राहणारे मात्र शंभरपट, असा प्रकार आहे.

कंपनीनं मुलासाठी ज्या दिवशी पहिला अर्ज टाकला ती तारीख म्हणजे त्याचा रांगेतला नंबर. तिथलं खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते सांगतं. २०२५ साल सरत आलं तेव्हा नोकरीवाल्या भारतीयांच्या दोन मोठ्या गटांत हा तक्ता जेमतेम २०१३ च्या अर्जांपर्यंत पोचला होता. बारा वर्षं झाली तरी नंबर नाही, हे ऐकून विश्वास बसत नाही, पण तसंच आहे. त्यातही तक्ता कधीकधी मागे सरकतो. या महिन्यात नंबर होता, पुढच्या महिन्यात गेला, असं घडतं.

तोवर मुलगा नोकरीच्या व्हिसावर राहतो. तो व्हिसा मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर असला तर पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. नोकरी गेली तर थोड्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर परत यायचं. गावी यायचं म्हटलं तरी व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर इथल्या वकिलातीत तारीख घेऊन नवा शिक्का मारून मगच परत जाता येतं. घरात कुणाचं बरंवाईट झालं तरी "येतो" म्हणायच्या आधी त्याला कॅलेंडर बघावं लागतं. पोरगं बदललं, असं आपण म्हणतो. दरवेळी ते खरं नसतं.

आणखी एक गोष्ट आजी-आजोबांनी समजून घ्यावी. आईबापाच्या अर्जात मुलांचं नाव असतं ते एकवीस वर्षांपर्यंतच. अर्ज तपासणीत गेलेले काही दिवस वयातून वजा करायची सोय तिथल्या २००२ च्या कायद्यात आहे, पण तेवढ्यानं सगळ्यांचं भागत नाही. नंबर लागण्याआधी एकवीस ओलांडलं की ते लेकरू बापाच्या अर्जातून बाहेर पडतं. आपल्या या शेतकऱ्याची नात इकडे जन्मली आणि पाच वर्षांची असताना गेली. जूनमध्ये ती एकोणीस वर्षांची होती. मुलाचा अर्ज २०१३ च्या सुरुवातीचा होता. म्हणजे नंबर जवळ आला होता आणि वयही जवळ आलं होतं. कागदात दोन महिने गेले आणि तेवढ्यात तक्ता मागे सरकला, तर काय होईल याची चिंता त्या पिशवीत होती.

घोळ कुठे होता

मुलाचा जन्म १९७९ चा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. म्हणजे नोंद असायला हवी होती. पण त्या काळी बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून व्हायचं. नोंद करायला कुणी गेलं तर गेलं. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत नोंद मिळाली नाही म्हणून त्यांनी 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला घेतला आणि पाठवून दिला. तिकडच्या वकिलानं तो परत केला, कारण नोंद नसेल तर जोडीला दुसरे पुरावे लागतात. ते कुणी सांगितलंच नव्हतं.

बोलता बोलता मी सहज विचारलं, "तात्या, पहिलं बाळंतपण तुमच्याकडं झालं का मंडळींच्या माहेरी?" ते थांबले. म्हणाले, "माहेरीच की वो. पहिलं कुठं सासरी करत्यात?" मग दप्तर शोधायचं होतं ते शेजारच्या तालुक्यातल्या गावात. पासपोर्टवर मात्र जन्मगाव म्हणून आपलंच गाव लागलेलं. शाळेच्या दाखल्यावरून ते तसंच पुढे गेलं होतं.

माहेरच्या गावी तात्यांचे चार हेलपाटे झाले. एकदा कर्मचारी सभेला, एकदा सुट्टी, एकदा रजिस्टर सापडेना. चौथ्यांदा रजिस्टर सापडलं. त्यात त्या वर्षाची पानं होती, नोंद नव्हती. मग तिथलाही अनुपलब्धतेचा दाखला घेतला. त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र आणि त्या वेळी घरात असलेल्या मामाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. जन्म नेमका कुठे झाला आणि पासपोर्टवर दुसरं गाव का आलं, हे त्यात सरळ शब्दांत लिहिलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते बरोबर असल्याचं भाषांतरकारानं सहीनिशी लिहून दिलं. श्रावणात कागद गेले. ऑक्टोबरच्या तक्त्यात नंबर लागला तेव्हा अर्जात काही कमी नव्हतं. कार्ड हातात पडायला अजून वेळ आहे, पण नातीचं नाव बापाच्या अर्जात आहे.

तुमच्या घरी काय तपासाल

पहिली गोष्ट, जन्म कुठे झाला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. उद्या सांगणारं माणूस असेल याची खात्री नाही. प्रतिज्ञापत्र द्यायलाही जिवंत साक्षीदार लागतो.

दुसरी, नोंद असली तरी ती उघडून वाचा. पुष्कळ जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' लिहिलेलं असतं. नाव नंतर घालण्याची तरतूद कायद्यात आहे, तिला मुदत आहे आणि शासनानं ती वेळोवेळी वाढवलेली आहे. सध्याची मुदत ग्रामपंचायतीत विचारा आणि शिल्लक असेल तर काम उरकून घ्या.

तिसरी, १ जूनचा घोळ. आपल्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. वय भरावं म्हणून गुरुजींनी तीच तारीख घातली. जन्म रजिस्टरात खरी तारीख आणि शाळेत, पासपोर्टात १ जून, असं असेल तर कुणाला चहापाणी देऊन रजिस्टरातली तारीख बदलून घ्यायच्या फंदात पडू नका. खरी नोंद सोयीसाठी बदलता येत नाही. चूक असेल तरच, मूळ नोंद तशीच ठेवून, समासात दुरुस्ती होते. खोटा कागद एकदा सापडला तर बारा वर्षांची रांग मातीत जाते. फरक असेल तर प्रतिज्ञापत्रानं उघड सांगावा आणि तिकडच्या वकिलाला आधीच कळवावा.

चौथी, नावं. वडिलांचं नाव एका कागदावर 'बापू' आणि दुसऱ्यावर पाळण्यातलं, आईचं कुठे माहेरचं नि कुठे सासरचं, असं असेल तर त्याचाही खुलासा लागतो.

पाचवी, लग्नाची नोंद. पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. १९९८ च्या कायद्यानं गावातली विवाह नोंदणी ग्रामपंचायतीतच होते आणि उशिराही करता येते. मुलगा-सून गावी आले असतील त्याच सुट्टीत हे काम करा.

उजनीच्या काठच्या लोकांनी आणखी एक बघावं. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. जुनी गावठाणं पाण्याखाली गेली आणि केत्तूर, वांगी, चिखलठाण अशी गावं नंबरानं ओळखली जाऊ लागली. जुन्या कागदावर नुसतं गाव आणि नव्यावर गाव नंबर दोन, असं असेल तर ते एकच कुटुंब आहे याचा खुलासा जोडा. आपल्याला तो इतिहास पाठ आहे, परदेशातल्या साहेबाला नाही.

एक वर्षानंतरची उशिराची जन्मनोंद करायची असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बोगस नोंदींच्या तक्रारींनंतर राज्य शासनानं २०२५ मध्ये या कामाची पडताळणी कडक केली. म्हणून हे काम 'आठ दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

जमिनीचं काय

ग्रीन कार्ड मिळालं तरी मुलगा भारताचाच नागरिक राहतो, वारसाहक्क जात नाही. पुढे त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचं संपतं. पण वारशानं जमीन तेव्हाही मिळू शकते. परदेशी राहणाऱ्याला इथे नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. मुलाला येता येत नसेल तर त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं आणि ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. तोंडी सांगितलेलं चावडीवर चालत नाही.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं की जुनं कोतवाल बुक किती मोलाचं असतं. ज्या पानाला आपण रद्दी समजत होतो त्यावर घराघरांचं भवितव्य निघालं. ग्रामसेवक बंधूंनो, आता तुमचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी रजिस्टर तेच आहे. त्याला कसर लागू देऊ नका. दाखला देताना अक्षर अन् अक्षर तपासा. नोंद नसेल तर नाही म्हणून लेखी द्या आणि जोडीला काय लागेल तेही माणसाला सांगा. तेवढं सांगितलं असतं तर सत्तरीच्या माणसाचे हेलपाटे वाचले असते.

तिकडची रांग आपल्या हातात नाही. ती ना आमदाराच्या पत्रानं हलते, ना नवसानं. पण नंबर लागेल तेव्हा कागद तयार असणं हे मात्र आपल्याच हातात आहे. पेरणी आटोपली की एक दिवस काढा, ट्रंक उघडा आणि घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला एकदा वाचून बघा. परदेशी कुणी नसलं तरी बघा. आज शाळेत जाणारं पोर उद्या कुठे जाईल हे कुणाला ठाऊक?