नाव नसलेल्या जिवांचा शोध

मृगाच्या सरी कोसळल्या की भातखाचरांतून बेडकांचे समूहगान सुरू होते. त्या एका कोलाहलात किती निरनिराळे कंठ मिसळलेले असतात, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो विचार ज्यांनी आयुष्यभर केला, त्या प्राध्यापक सत्यभामा दास बिजू यांच्या कार्याचा आज परिचय करून घेऊ.

१९६३ साली केरळात जन्मलेले बिजू प्रथम वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सह्याद्रीच्या अरण्यांत वनस्पती धुंडाळताना त्यांचे लक्ष बेडकांनी वेधून घेतले आणि ते कायमचे त्यांचे झाले. पुढे ब्रुसेल्स येथे त्यांनी या विषयात दुसरी डॉक्टरेट मिळवली व २००६ पासून दिल्ली विद्यापीठात अध्यापन केले.

हे संशोधन ग्रंथालयात बसून होण्यासारखे नव्हे. बेडूक बहुधा रात्री, तेही भर पावसाळ्यात ओरडतात; म्हणून संशोधकालाही विजेरी घेऊन, जळवांचा त्रास सोशीत ओढ्याकाठी रात्री काढाव्या लागतात. मादीला साद घालतो तो नर, आणि प्रत्येक जातीची साद वेगळी. म्हणून प्रथम आवाज ध्वनिमुद्रित करावयाचा, मग शरीराची मापे घ्यावयाची, आनुवंशिक द्रव्याची तुलना करावयाची आणि नमुना संग्रहालयात जतन करून सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावयाचे. एवढे झाले म्हणजे त्या जिवाला शास्त्रात नाव मिळते.

या चिकाटीला फळेही तशीच आली. २००३ साली बिजू आणि बेल्जियन शास्त्रज्ञ फ्रँकी बोसाइट यांनी केरळातील एका जांभळट, टोकदार नाकाच्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा प्राणी जमिनीखाली राहून वाळवी खातो आणि प्रजननासाठी वर्षातून थोडाच काळ वर येतो. त्याचे निकटचे आप्त हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर सापडतात. कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत व सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग होते. २०१७ साली त्यांच्या चमूने सात नव्या ‘निशाबेडकां’ची नोंद केली. त्यांपैकी चार अंगठ्याच्या नखावर मावतील इतके लहान. सर्वांत छोटा अवघा १२.२ मिलिमीटरचा! त्यांचा आवाज किड्यांसारखा असल्यामुळे ते इतकी वर्षे दुर्लक्षित राहिले असावेत.

पण केवळ नवे शोधून भागत नाही. हरवलेलेही शोधावे लागतात. अनेक वर्षांत कोणाच्याच दृष्टीस न पडलेल्या बेडकांसाठी २०१० साली बिजूंनी देशव्यापी शोधमोहीम आरंभिली. १८७० साली जेर्डन यांनी ईशान्य भारतात प्रथम मिळवलेला एक वृक्षबेडूक पुन्हा सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. त्याची पिले झाडाच्या ढोलीतील पाण्यात वाढतात आणि मातेने घातलेली अंडी खाऊन जगतात.

हा विषय आपल्या दारापासूनही दूर नाही. बेळगावहून सावंतवाडीस जाताना लागणाऱ्या आंबोलीच्या कातळांवर पिवळ्या ठिपक्यांचा एक चिमुकला भेक राहतो. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचे नामकरण केले. तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. पावसात रस्ता ओलांडणाऱ्या अशा जिवांना आपल्या मोटारींची चाके दिसत नाहीत. ते तरी आपल्याला दिसावेत. गोव्यात पहिल्या पावसात मोठे बेडूक ताटासाठी चोरून मारले जातात, हेही सर्वश्रुत आहे. ही हत्या कायद्याने निषिद्ध आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही भारताने १९८७ साली बंद केली. भातावरील कीड खाणारा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार. त्याला मारून आपण आपल्याच शेताचे नुकसान करतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, बेडकांच्या या उभयचर वर्गातील दर पाच जातींपैकी दोन जाती धोक्यात आहेत. ज्या जातीला नावच नाही, ती या गणनेत येत नाही. तिच्यासाठी कोणी अभयारण्य मागत नाही, की तिच्या नाशाची नोंद होत नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो. ते काम अद्याप संपलेले नाही, आणि ज्याला नाव दिले त्याला सांभाळण्याचे दायित्वही त्यातच आले. या पावसाळ्यात रात्री खिडकी उघडून क्षणभर ऐकावे. आपल्या परसातील किती आवाज आपण ओळखतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे.