नोंदींचेही रक्षण व्हावे

२६ जुलै २००५ च्या महापुरात भिवंडीतील अनेक घरे-दुकाने पाण्याखाली गेली. भिजलेली वनौषधी पुन्हा विकत घेता येते. रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मात्र कोणत्याच बाजारात मिळत नाहीत.

कचेरीत विंडोज, मॅक, लिनक्स असे संमिश्र संगणक असले तरी ‘एसएमबी’ ही सामाईक भाषा तिघांनाही समजते. त्यामुळे नेटवर्कवरील एकच ‘नॅस’ साठवणयंत्र सर्वांस पुरते. त्यातील जुळ्या डिस्कपैकी एक बिघडली तरी काम थांबत नाही. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून एकदमच जाते. शिवाय मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू विंडोजमधील एसएमबीच्या जुन्या आवृत्तीच्या दोषातूनच पसरला.

म्हणून आम्ही सुचवितो: तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत कचेरीबाहेर. नॅस तळमजल्यावर ठेवू नये. दोन सुट्या डिस्कवर दर आठवड्यास आळीपाळीने प्रत घ्यावी, डिस्क लगेच विलग करावी व संकेतशब्दाने सुरक्षित करून अन्यत्र उंचावर ठेवावी. जुने मराठी फॉन्टही जपावेत; अन्यथा मजकूर परत मिळेल, पण वाचता येणार नाही.

दरमहा एखादी नोंद प्रतीतून काढून पाहावी. न तपासलेली प्रत ही परीक्षा न केलेल्या औषधद्रव्यासारखीच. नाव असते, गुणाची खात्री नसते.