डीएक्स-७ शी मिडीतून बोलताना

यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ सालचा. वाद्यं एकमेकांशी जोडण्याच्या मिडी या पद्धतीचा जन्मही त्याच वर्षीचा. जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ वायरीने जोडले गेले आणि एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजू लागला. त्या तंत्रावर आजचा लॅपटॉपही डीएक्स-७ चालवू शकतो, सेटिंग मात्र नीट लावायला हवं.

डीएक्स-७ ला यूएसबी नाही, म्हणून मध्ये यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो. त्याची ‘आउट’ वायर डीएक्स-७ च्या ‘इन’मध्ये आणि डीएक्स-७ ची ‘आउट’ इंटरफेसच्या ‘इन’मध्ये लावायची. या वायरींतून फक्त आकडे जातात. आवाजासाठी अँप्लिफायरची वायर वेगळी.

मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की १४४, ६०, ९० असे तीन आकडे निघतात. पहिला सांगतो, चॅनेल १ वर स्वर सुरू कर. ६० म्हणजे पांढरी एक (काळी एक ६१). ९० म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, कमाल १२७. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे हे तीन आकडे एका मिलिसेकंदाच्या आत पोहोचतात.

चॅनेल १६ असतात. डीएक्स-७ पाठवतो फक्त १ वर, ऐकतो मात्र आपण लावू त्या चॅनेलवर. दोन्हीकडचे चॅनेल जुळले नाहीत तर काहीच वाजत नाही, आणि चूक कुठे आहे हेही तो सांगत नाही. शंका आली की आधी हेच तपासावं.

खरी गंमत सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकेका कंपनीच्या यंत्रांपुरत्या खास संदेशांत आहे. ते २४० ने सुरू होतात, पुढे कंपनीचा क्रमांक (यामाहाचा ६७), शेवटी २४७. डीएक्स-७ चे ३२ आवाज एकदम पाठवले तर ४,१०४ बाइट होतात. सव्वा-दीड सेकंदाचं काम. बाहेरून नवे आवाज घ्यायला डीएक्स-७ वर ‘फंक्शन’ दाबून ८ नंबरचं बटण दाबत राहायचं, ‘सिस इन्फो अनअव्हेल’ दिसलं की ‘यस’. मग मेमरी प्रोटेक्टचं ‘इंटर्नल’ बटण दाबून ‘नो’. हे कुलूप उघडलं नाही तर नवे आवाज आत शिरत नाहीत. नवे आत आले की जुने ३२ पुसले जातात, म्हणून त्याआधी ८ नंबरच्याच बटणावर ‘मिडी ट्रान्समिट’ येईपर्यंत जाऊन जुने आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. तसंही आतली मेमरी बॅटरीवर जगते, तेव्हा प्रत बाहेर असलेली बरी.

आवाजाचा एकेक घटकही बदलता येतो. २४०, ६७, १६, १, ६, ४, २४७ पाठवलं की अल्गोरिदम ५, म्हणजे आवाज घडवणाऱ्या लहरींच्या जोडणीचा पाचवा नमुना लागतो. गणती शून्यापासून, म्हणून ४. त्या काळी गाजलेला ‘ई. पियानो १’ याच अल्गोरिदमवर आहे. असे घटक सुमारे दीडशे आहेत, आणि यंत्रावर ते सगळे एकाच सरकपट्टीने हलवायचे! डेक्स्डसारखं मोफत सॉफ्टवेअर ते सगळे पडद्यावर मांडून हे आकडे स्वतःच पाठवतं.

हे बदल तात्पुरत्या जागेत राहतात, दुसरा आवाज निवडला की जातात. ठेवायचे असतील तर ‘स्टोअर’ दाबून धरून हव्या त्या नंबरचं बटण दाबायचं.