होडी घ्यायची, पण कुठली?

किनारपट्टीच्या गावांत हल्ली एक नवाच विषय घराघरांत निघतो. पूर्वी हातात चार पैसे आले की म्हैस घ्यावी, विहिरीवर पंप बसवावा, नाहीतर मुलाला रिक्षा घेऊन द्यावी असा विचार व्हायचा. आता मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले, गुहागर अशा पट्ट्यात पर्यटक येऊ लागले आणि "आपणही एक बोट घेऊ या का?" हा प्रश्न जेवताना निघायला लागला.

मुलगा म्हणतो, छोटी घेऊ, भुर्रकन जाणारी. कॉलेजची पोरं तिलाच गर्दी करतात. त्याचे बाबा म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घेऊ, छपराची, केबिनची, आख्खं कुटुंब ऐसपैस बसेल अशी. दोघांचंही आपापल्या परीने खरं असतं. पण मैत्रिणींनो, कर्ज पुष्कळदा बचत गटातून, म्हणजे तुमच्या नावावर निघतं. तारण ठेवायचं सोनंही तुमचंच असतं. तेव्हा "ते पुरुषांचं काम, मला त्यातलं काय कळतंय" असं म्हणून उठून जाऊ नका. होडीचं गणित स्वयंपाकघराच्या गणितापेक्षा फार वेगळं नाही.

परदेशात हौशी लोक अशीच निवड करतात. तिथे छोटीला स्पोर्टबोट म्हणतात. साधारण १८ ते २५ फुटांची, उघडी, वेगाने जाणारी, गाडीला जोडून घरी नेता येईल अशी. मोठी ती केबिन क्रूझर, २५ फुटांच्या पुढची. आत निजायला जागा, छोटं स्वयंपाकघर, संडास. त्यांची ती सुट्टीची मौज. आपल्याकडे मात्र त्यावर घर चालायचं असतं, म्हणून आपले प्रश्न जरा जास्त.

आधी आपलं पाणी बघा

बोट आधी पसंत करायची आणि मग ती कुठे चालवायची ते बघायचं, असं करू नका. तुमच्या खाडीत ओहोटीला किती पाणी उरतं ते तुम्हाला कोणाला विचारायला नको. तिसऱ्या काढायला तुम्हीच तर उतरता! छोट्या बोटीचा थोडाच भाग पाण्याखाली असतो आणि मागे लावलेली मोटर वर उचलता येते. उथळ पाण्यातून ती निघून जाते. मोठी बोट जास्त बुडते. तिचा पंखा बहुधा खालीच कायमचा बसवलेला असतो. वाळूत रुतली की पुढची भरती येईपर्यंत पाहुण्यांना घेऊन ताटकळत बसा! भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर. त्यातून भांगाचे दिवस असले तर भरतीलाही पाणी बेताचंच चढतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. खाडीचं तोंड ओलांडून समुद्रात गेलात की छोटी बोट लाटांवर आपटत जाते. तरुणांना त्यात मजा वाटते. गरोदर बाईला किंवा पाठीचं दुखणं असलेल्या आजींना मात्र तो प्रवास नको होतो. लांब, जड बोट लाटेवर त्या मानाने शांत चालते. म्हणजे छोटी खाडीला बरी आणि मोठीला खोल पाणी नि जेटी हवी, असा साधा हिशेब.

मोठी म्हणजे सुरक्षित?

हा समज मात्र मनातून काढून टाका. कळशीवर कळशी ठेवून चालताना तोल का सांभाळावा लागतो, ते आपण जाणतो. वजन जितकं वर जाईल तितका डोलारा डळमळतो. बोटीचंही तसंच. वर मजला चढवला, त्यावर माणसं बसवली आणि सगळी फोटोसाठी एका बाजूला धावली की बोट कलंडायला वेळ लागत नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि २२ जणांचा जीव गेला. त्यात किती तरी लहान मुलं होती. ती मुळात मासेमारीची बोट. तिच्यात फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती आणि त्या दिवशी तिच्यात प्रमाणाबाहेर माणसं भरली होती. म्हणून कोणी "जुनी मासेमारीची होडी स्वस्तात देतो, वर केबिन बांधून घ्या" असं सांगितलं तर हात जोडा आणि नको म्हणा.

छोटीचेही धोके आहेतच. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथे समुद्र नव्हता, लाटा नव्हत्या. गर्दी होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. आपल्या तारकर्लीलाही २४ मे २०२२ रोजी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणजे बोट लहान असो की मोठी, किती माणसं घ्यायची आणि जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी लागतात. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटतं.

आणखी एक गोष्ट. घरात गॅस सुटला तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून आपण आधी दारं-खिडक्या उघडतो. पेट्रोलची वाफही तशीच जड. उघड्या बोटीत मागे लावलेली मोटर असेल तर ती वाऱ्यावर जाते. मोटर बंद कप्प्यात असेल तर वाफ तळाला साठते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून अशा बोटीत चालू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून हवा बाहेर काढायची असते. केबिनमध्ये गॅसची शेगडी ठेवणार असाल तर तिथेही हीच काळजी.

आता पैशाचं बोलू

पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, पर्यटकांच्या बोटी किनाऱ्याला लागतात. कमाई नऊ महिन्यांची, हप्ते मात्र बारा महिन्यांचे! समजा, ९ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता सुमारे २० हजार येतो. नऊ महिन्यांत बारा हप्ते काढायचे तर दर महिन्याला २६ हजार ७०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. कर्ज ३० लाखांचं असेल तर हाच आकडा ८९ हजारांवर जातो. आणि हे इंधन, खलाशाचा पगार, विमा, दुरुस्ती सोडून बरं का!

इंधनाचा ढोबळ हिशेब असा की ४० हॉर्सपॉवरची पेट्रोलची मोटर पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास पिते. वेग निम्मा केला की खर्च खूपच उतरतो. १०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला २० लिटरच्या आसपास. मोठ्या बोटीत तेवढी माणसं असली तर माणशी खर्च परवडतो. पण चारच पाहुणे आले तरी इंजिनला तेवढंच पाजावं लागतं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तुमच्या गावात किती पाहुणे असतात, ते आधी मोजा.

पावसाळ्यात छोटी बोट दहा जणांनी ओढून वर घेता येते, ताडपत्री टाकली की झालं. मोठीला ते जमत नाही. तिच्या तळाला धरलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा, तर मोठा खर्च. तिच्यात संडास असेल तर घाण टाकीत साठवून किनाऱ्यावरच रिकामी करायला हवी. ज्या खाडीत आपण कालवं काढतो तिथे ती सोडून कसं चालेल?

कागदपत्रं दोन्हींना लागतात. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींसाठी तपासणी, नोंदणी आणि विमा यांच्या तरतुदी आहेत. घेण्याआधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. दलालाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

तिसरीही वाट आहे

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली, ती वल्ह्याच्या होड्यांवर. ना मोटर, ना केबिन. बायका स्वतः वल्हवतात आणि झाडं, पक्षी, खेकडे दाखवतात. मोटरच्या आवाजाने पक्षी उडून जातात, वल्ह्याने नाही. वेग किंवा थाट नसला तरी पाहुणे येतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा पहिलीच बोट असेल आणि खाडीतच चालवायची असेल, तर माझं मत छोट्या, उघड्या, बेताच्या मोटरच्या बोटीला. तीही वेगासाठी नव्हे, उथळ पाण्यासाठी आणि झेपणाऱ्या हप्त्यासाठी. खोल पाणी, जेटी आणि बारमाही गिऱ्हाईक असेल तर पुढे मोठीचा विचार जरूर करा. जमलं तर आधी एक हंगाम भाड्याने घेऊन बघा. आणि सही करण्याआधी तुम्ही स्वतः, जॅकेट घालून, ओहोटीच्या वेळी त्या बोटीतून एक फेरी मारून या. तुमच्या सोन्यावर ती बोट येणार आहे, तेवढा हक्क तुमचा आहेच!